गेटबाहेरचे काम : औद्योगिक वसाहत नीट राखायची कशी?

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले १ ऑगस्ट १९६२ रोजी. ठाण्याची वागळे इस्टेट, डोंबिवली, अंबरनाथ, भोसरी, सातपूर या वसाहती त्यानंतरच्या पहिल्या दीड-दोन दशकांतल्या. म्हणजे तिथले रस्ते, गटारे आणि जमिनीखालचे पाईप आज पन्नाशी-साठी गाठत आहेत. त्या काळात मालाला टेम्पो येई, फार तर दहा टनी ट्रक. आज त्याच वळणावर चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर वळतो. प्लॉट तेवढेच आहेत, पण शेड वाढल्या, पाळ्या वाढल्या, माणसे कितीतरी पटींनी वाढली. वसाहतीचा सांगाडा मात्र जुनाच राहिला.

आतल्या बाजूला आपण खूप शिकलो. शॉपफ्लोअरवर पिवळे पट्टे असतात, हत्यारांना ठरलेल्या जागा असतात, मशीनच्या देखभालीचे तक्ते भिंतीवर लावलेले असतात. ग्राहकाचे ऑडिट आले की एक चिंधीही जमिनीवर दिसत नाही. पण तोच ग्राहक गाडीतून खड्डे चुकवत आणि तुंबलेल्या गटाराचा वास घेत आपल्या दारात पोहोचतो. रोज दोन वेळा त्याच वाटेने आपला कामगार येतो-जातो. ही वाट कोणाची, असे विचारले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

हा लेख उद्योजकांसाठी आहे, असोसिएशनच्या पदाधिकाऱ्यांसाठी आहे आणि कारखान्यात एचआर, ॲडमिन किंवा मेंटेनन्स सांभाळणाऱ्यांसाठीही आहे. माझे म्हणणे एकच आहे आणि ते सुरुवातीलाच सांगतो. वसाहत सुधारते ती निवेदनांनी नव्हे. ती सुधारते तिथल्या लोकांनी स्वतःचा लहानसा पण नियमित फंड उभा केला आणि त्यातून देखभालीसाठी पगारी माणूस नेमला तर. शासनाकडून मिळायचे ते जरूर मागावे, भांडूनही घ्यावे. पण रोज लक्ष ठेवणारे कोणी नसेल, तर नवा रस्ताही दोन पावसाळ्यांत जुना होतो.

सुरुवात एका रस्त्यापासून

नाशिकला निमा आणि आयमा आहेत. छत्रपती संभाजीनगरला मसिआ आणि सीएमआयए, कोल्हापूरकडे गोशिमा आणि स्मॅक, बुटीबोरीला बीएमए आहे. जवळपास प्रत्येक मोठ्या वसाहतीत उद्योजकांची संघटना आहे आणि यातल्या अनेक संघटनांनी मोठी कामे करून दाखवली आहेत. क्लस्टर उभी केली, प्रदर्शने भरवली, वीजदराच्या लढाया लढल्या. तरी ‘ई-ब्लॉकमधल्या तिसऱ्या रस्त्यावरचा ढापा तुटलाय’ हा प्रश्न संघटनेच्या टेबलावर कायम खालीच जातो. हजार-दीड हजार सभासदांच्या संघटनेकडून एका ढाप्याची आठवण राहील, अशी अपेक्षा धरणे चुकीचे आहे.

म्हणून एक रस्ता हे एकक धरावे. एका रस्त्यावर समोरासमोर वीस, तीस, फार तर साठ कारखाने असतात. तिथले मालक-मॅनेजर एकमेकांना तोंडाने ओळखतात. त्यांचा एक रस्तागट करा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार अशी पदे वाटत बसू नका; एक समन्वयक आणि एक हिशेबनीस पुरे. समन्वयक मालकच असला पाहिजे असेही नाही. खूपदा एखाद्या मध्यम कारखान्याचा मेंटेनन्स मॅनेजर हे काम कोणाही मालकापेक्षा चांगले करतो, कारण त्याला पंप, पाईप, केबल आणि ठेकेदार हे चारही रोज हाताळायची सवय असते. गट मूळ असोसिएशनच्या छत्राखालीच ठेवा. वेगळी नोंदणी करून नवी संस्था काढली की पहिले वर्ष घटना आणि शिक्के यांतच जाते.

सहकारी औद्योगिक वसाहतींचे यातले काम थोडे सोपे असते. सातपूरची नाईस किंवा सांगलीची वसंतदादा औद्योगिक वसाहत यांसारख्या ठिकाणी सभासद, संस्था आणि वर्गणी ही चौकट आधीपासून असते. महामंडळाच्या प्लॉटधारकांना ती नव्याने उभी करावी लागते.

कोणाचे काय, हे कागदावर आणा

पहिल्या महिन्यात एकच काम करा. रस्त्याचा साधा नकाशा घ्या आणि त्यावर प्रत्येक गोष्टीसमोर तिचा मालक लिहा. रस्ता महामंडळाचा की महापालिकेकडे हस्तांतरित झालेला? दिवे कोणाचे आणि त्यांचे बिल कोण भरते? पावसाळी नाला कोणाकडे, सांडपाण्याची वाहिनी कोणाकडे? डीपी बॉक्स महावितरणचा, पण त्याभोवतालची जागा कोणाची? मुख्य हमरस्त्याला आपला रस्ता मिळतो तो चौक कदाचित सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल, आणि कचरा ग्रामपंचायतीच्या हद्दीत पडत असेल.

हा नकाशा नसल्यामुळे वसाहतींची वर्षेच्या वर्षे वाया जातात. महापालिका हद्दीतला उद्योजक महामंडळाला सेवाशुल्क भरतो आणि पालिकेला मालमत्ता करही भरतो. दोन्हीकडे पैसे भरूनही खड्डा बुजत नाही ही त्याची तक्रार खरी आहे आणि रास्त आहे. पण चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज तिथेच पडून राहतो, म्हणून आधी पत्ता बरोबर पाहिजे. हस्तांतरणाचा ठराव किंवा पत्र मिळत नसेल तर माहिती अधिकारात मागा. ज्या दिवशी तो कागद हातात येतो, त्या दिवसापासून अधिकाऱ्याशी होणारे बोलणे बदलते.

नकाशावर फोटो आणि तारखा जोडत जा. कोणता ढापा कधी तुटला, कोणता दिवा किती दिवस बंद होता, हे सगळे एका वहीत किंवा एका शीटमध्ये राहू द्या. ही नोंद पुढे फार कामाला येते.

आधी पाणी, मग रस्ता

खड्डा दिसतो म्हणून सगळे डांबराबद्दल बोलतात. खरे दुखणे पाण्याचे असते. डांबरी रस्त्यावर पाणी साचले की ते थरात शिरते, खालची खडी सैल होते, आणि वरून भरलेला ट्रक गेला की रस्ता उखडतो. पाणी जायला वाट नसेल तर तुम्ही दरवर्षी डांबर टाका, ते दरवर्षी जाईल. काँक्रीटचा रस्ता जास्त टिकतो हे खरे, पण त्याखालूनही पाण्याचा निचरा हवाच. काँक्रीट करण्याआधी केबल आणि पाईप टाकण्यासाठी आडव्या नळ्या टाकून घेतल्या नाहीत, तर पुढच्याच वर्षी कोणीतरी कटर घेऊन तो फोडतो.

आता आपल्या गेटसमोर पाहा. कारखान्यात गाडी शिरावी म्हणून रस्त्याकडेच्या गटारावर आपण स्लॅब टाकलेला असतो किंवा खाली पाईप घालून भराव केलेला असतो. बहुतेक ठिकाणी तो पाईप गटारापेक्षा अरुंद असतो. एका कारखान्याने नऊ इंची पाईप टाकला की वरच्या बाजूच्या दहा कारखान्यांचे पाणी तिथे अडते. मग पाणी रस्त्यावर येते आणि सगळे मिळून महामंडळाला दोष देतात. वसाहतीतले पाणी तुंबण्याचे हे सर्वांत सार्वत्रिक कारण आहे आणि त्यावरचा उपाय पूर्णपणे आपल्या हातात आहे. रस्तागटाने सगळ्या गेटांच्या मोऱ्या मोजाव्यात, गटाराच्या पूर्ण रुंदीइतकी मोरी किंवा उचलता येणारे ढापे बसवायचे असे ठरवावे आणि सर्वांनी एकाच वेळी ते काम करावे. एकेकट्याने केले तर उपयोग होत नाही, कारण पाणी सर्वांत अरुंद जागीच अडते.

गटार साफ करायची वेळ मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातली. पहिल्या वळवाच्या पावसाने गाळ भिजला की तो काढणे दुप्पट कष्टाचे. आणि काढलेला गाळ कडेला ढीग करून ठेवू नका. त्याच दिवशी उचलून न्या, नाहीतर पहिल्या सरीत तो परत आत. सप्टेंबरअखेर दुसरी फेरी करा. ती सगळे विसरतात. पावसाळ्यात वाहून आलेला प्लास्टिकचा पसारा तेव्हा काढला नाही, तर तो वर्षभर डास पोसतो.

रस्त्याची किंवा गटाराची मोठी कामे साप्ताहिक सुटीच्या दिवशी ठेवा. भोसरीत गुरुवार, नाशिकला शनिवार. त्या दिवशी ट्रक नसतात, ठेकेदाराला मोकळा रस्ता मिळतो आणि तुम्हाला उभे राहून काम पाहता येते. काम चालू असताना कोणीतरी उभे राहणे फार महत्त्वाचे आहे. जुना थर खरवडला का, टॅक कोट मारला का, रोलर किती फिरला, उतार गटाराकडे ठेवला का, हे त्याच वेळी दिसते, नंतर नाही.

गटारे साफ करताना एक गोष्ट कोणत्याही परिस्थितीत करू नका. चेंबरमध्ये माणूस उतरवू नका. औद्योगिक वाहिनीत हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू साठतात, एका श्वासात माणूस कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. २०१३ च्या कायद्याने असे काम करवून घेणे हा गुन्हा आहे. जेटिंग आणि सक्शनची गाडी भाड्याने मिळते. तिच्यासाठी फंडात पैसे ठेवा.

नाल्यात काय जाते

पावसाळी नाल्यात पावसाचेच पाणी गेले पाहिजे. हे इतके साधे असूनही जोराचा पाऊस सुरू झाला की काही कारखाने टाकीतले सांडपाणी त्यात सोडतात, हे प्रत्येक रासायनिक वसाहतीतल्या माणसाला माहीत आहे. नाला पुढे ओढ्याला मिळतो, ओढा नदीला, आणि नदीकाठच्या विहिरीचे पाणी कोणीतरी पितो. रस्तागटाने आणि असोसिएशनने इथे सभासदाची बाजू घेऊ नये असे माझे ठाम मत आहे. एकाच्या चोरीमुळे सगळ्या वसाहतीवर कारवाई होते, सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर ताण येतो आणि नियमाने वागणाऱ्यांचे विस्तार अडकतात. आधी त्याला लेखी समज द्या, तरी थांबला नाही तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा.

घातक कचऱ्याचे नियम २०१६ चे आहेत. असा कचरा कारखान्यात सर्वसाधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, आणि तो पाठवताना फॉर्म १० चा मॅनिफेस्ट लागतो. महाराष्ट्रात तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे त्याच्या विल्हेवाटीची सामायिक केंद्रे आहेत. लहान कारखानदाराची अडचण वेगळी असते. त्याच्याकडे महिन्याला दोन-चार पिंप कचरा निघतो आणि तेवढ्यासाठी गाडी येत नाही. मग तेलकट चिंध्या आणि पेंटचा गाळ भंगारवाल्याकडे जातो किंवा मोकळ्या प्लॉटवर. रस्तागटाने वाहतूकदाराशी बोलून सगळ्यांसाठी एकच फेरी ठरवली तर हा प्रश्न सुटतो. प्रत्येकाचा मॅनिफेस्ट वेगळा, गाडी एकच. हे करायला पैसे नव्हे, एक फोन आणि थोडी चिकाटी लागते.

कोल्हापूर पट्ट्यातल्या फौंड्र्यांची जळकी वाळू हा असाच विषय. वाळू रस्त्याकडेला टाकली की उन्हाळ्यात उडते आणि पावसाळ्यात गटार भरते. ती पुन्हा वापरण्यायोग्य करणारी यंत्रणा एकट्या लहान फौंड्रीला परवडत नाही, दहा जणांना मिळून परवडते.

पैसा कुठून आणायचा

समजा एका रस्त्यावर साठ कारखाने आहेत. पंचेचाळीस लहान कारखान्यांनी महिन्याला १,००० रुपये आणि पंधरा मोठ्यांनी ४,००० रुपये दिले, तर महिन्याला १,०५,००० आणि वर्षाला १२,६०,००० रुपये जमतात. यातून एक देखरेख करणारा आणि सफाई-दुरुस्तीची दोन-तीन माणसे नेमता येतात, किमान वेतन, पीएफ आणि ईएसआयसह. उरलेल्यात ढापे, दिव्यांची किरकोळ दुरुस्ती, जेटिंगच्या फेऱ्या आणि रोपे बसतात. लहान कारखान्याला हा खर्च दिवसाला ३३-३४ रुपये पडतो.

अडचण येते ती न देणाऱ्यांची. दहा जण देत नाहीत, मग पुढच्या वर्षी आणखी वीस जण हात आखडतात. हा प्रश्न जगभर सगळ्यांना पडला. कॅनडात टोरोंटोमधल्या ब्लूर वेस्ट व्हिलेजच्या दुकानदारांनी १९७० साली त्यावर मार्ग काढला. त्या भागातल्या बहुसंख्य व्यावसायिकांनी मान्य केले की सर्वांवर जादा आकार बसवायचा, नगरपालिकेने तो करासोबत वसूल करायचा आणि तिथल्याच व्यावसायिकांच्या मंडळाकडे खर्चासाठी द्यायचा. तीच पद्धत पुढे अनेक देशांत पसरली आणि काही ठिकाणी औद्योगिक भागांनीही ती घेतली.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी उदाहरणे आहेत. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३-क्यू मध्ये औद्योगिक नगरीची तरतूद आहे. बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक्स सिटीत २०१३ पासून स्वतंत्र औद्योगिक नगरी प्राधिकरण आहे. मालमत्ता कर ते गोळा करते, आसपासच्या पंचायतींना त्यातला वाटा देते आणि उरलेला तिथल्याच रस्त्यांवर, दिव्यांवर, कचऱ्यावर खर्च करते. आंध्र आणि तेलंगणातही औद्योगिक क्षेत्रांसाठी वेगळी स्थानिक प्राधिकरणे आहेत. महाराष्ट्रातल्या असोसिएशननी ही मागणी अभ्यासपूर्वक लावून धरावी असे मला वाटते. कर भरणाऱ्याला आपला पैसा आपल्याच वसाहतीत लागलेला दिसला, तर तो कुरकुर न करता भरतो. मात्र शेजारच्या गावांचा वाटा त्यात आधीच राखला पाहिजे. नाहीतर ती गावांवर अन्याय करणारी योजना ठरेल.

कायद्याचा आधार येईपर्यंत वर्गणी स्वेच्छेचीच राहणार. ती टिकवायचा उपाय एकच : हिशेब. फंडाचे बँक खाते वेगळे, दोन सह्या, आणि दर महिन्याला जमा-खर्चाचे एक पान सर्वांना. किती रुपयांचे ढापे घेतले, कोणाकडून, त्याचा फोटो. कोणी वर्गणी दिली नाही त्याचे नाव फळ्यावर लावून त्याला खजील करण्यापेक्षा कोणी दिली त्यांची नावे लावा. सहा महिने कामे दिसू लागली की बाकीचेही येतात.

मोठ्या कामांसाठी इतर वाटा आहेत. केंद्राच्या सूक्ष्म व लघुउद्योग समूह विकास कार्यक्रमात जुन्या औद्योगिक वसाहतींच्या सुधारणेसाठी अनुदान मिळते. अटी आणि मर्यादा बदलत असतात, म्हणून जिल्हा उद्योग केंद्रातून ताज्या मार्गदर्शक सूचना घ्या. पिंपरी-चिंचवडचे ऑटो क्लस्टर केंद्राच्या अशाच एका पायाभूत सुविधा योजनेतून उभे राहिले. वसाहतीतल्या मोठ्या कंपन्यांचा सीएसआर निधी हाही मार्ग आहे, पण तिथे जपून पावले टाका. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार हा खर्च फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा किंवा स्वतःच्या धंद्याचा भाग असलेला चालत नाही. स्वतःच्या गेटसमोरचा रस्ता सीएसआरमधून करायला गेलात तर ऑडिटर अडवील. सर्वांसाठीचे स्वच्छतागृह, शेजारच्या गावातली शाळा, नाल्याकाठची झाडे, प्राथमिक उपचार केंद्र यांसाठी मात्र तो मोकळेपणाने वापरता येतो.

रात्री चालून पाहा

दिवसा गाडीतून वसाहत कळत नाही. सेकंड शिफ्ट सुटते त्या वेळी मुख्य रस्त्यापासून शेवटच्या प्लॉटपर्यंत पायी चाला, आणि सोबत कारखान्यातल्या दोन-तीन महिला कामगारांना घ्या. कुठे अंधार आहे, कोणत्या कोपऱ्यात ट्रक उभे राहिल्याने बाजूने जाताना भीती वाटते, कुठे कुत्री अंगावर येतात, हे त्या दहा मिनिटांत सांगतात. त्यानुसार दिव्यांची यादी करा. सगळे दिवे एकदम मागण्यापेक्षा बसथांब्याजवळचे, वळणावरचे आणि बंद शेडसमोरचे दिवे आधी मागा. महापालिकेने किंवा महामंडळाने खांब लावेपर्यंत आपल्या कंपाउंडवर रस्त्याच्या दिशेने एक एलईडी दिवा लावायला कोणाचीही परवानगी लागत नाही. वीसेक कारखान्यांनी एवढे केले तरी रस्ता उजळतो.

शेवटच्या बसचे वेळापत्रक आणि पाळी सुटण्याची वेळ जुळते का पाहा. अनेकदा पंधरा मिनिटांचा फरक असतो आणि त्या पंधरा मिनिटांपायी शेकडो माणसे शेअर रिक्षात कोंबून जातात. परिवहन सेवेला सर्व कारखान्यांच्या पाळ्या आणि कामगारसंख्या एका पत्रात दिल्या, तर वेळ बदलून मिळण्याची शक्यता चांगली असते. प्रत्येक कारखान्याने आपापले पत्र दिले तर मिळत नाही.

स्वच्छतागृहाचा विषय टाळला जातो, म्हणून मुद्दाम लिहितो. ट्रकचालक रात्रभर गाडी चालवून पहाटे येतो आणि गेट उघडण्याची वाट पाहत थांबतो. माल भरणारे हमाल, कंत्राटी सफाई कामगार, भंगार वेचणाऱ्या बाया दिवसभर वसाहतीत असतात आणि त्यांना आत जायची मुभा नसते. स्वच्छतागृह बांधणे सोपे, चालवणे अवघड. म्हणून बांधण्याआधी पाणी, वीज आणि दिवसातून तीन वेळा साफ करणाऱ्या माणसाचा पगार यांची सोय करा, मगच पाया खणा. महिलांच्या बाजूला कडी, दिवा आणि कचरापेटी नसेल तर ते कोणी वापरणार नाही.

टपऱ्यांचेही असेच. अतिक्रमण म्हणून त्यांना हुसकावण्याचा आग्रह काही पदाधिकारी धरतात. मला तो पटत नाही. लहान कारखान्यांत कॅन्टीन नसते आणि तिथल्या माणसाचे दुपारचे पोट त्या पोहे-वडापावच्या गाडीवरच अवलंबून असते. त्यांना चौकापासून आणि गटारापासून दूर एक जागा ठरवून द्या, पिण्याच्या पाण्याचा नळ द्या, कचऱ्याचा डबा सक्तीचा करा. गाडीवाल्याला जागा पक्की वाटली की तोच ती झाडून ठेवतो.

आणखी एक सुचवतो. पाळणाघराची सक्ती लहान कारखान्यांवर नसते, पण चार-सहा कारखान्यांनी मिळून एक खोली घेतली तर ते चालवता येते. महिला कामगार मिळत नाहीत, मिळाल्या तर टिकत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्यांनी हा खर्च एकदा कागदावर मांडून पाहावा.

आपत्तीची तयारी

डोंबिवलीच्या औद्योगिक भागात २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी मोठे स्फोट झाले. दोन्ही वेळा माणसे गेली, आणि आसपासच्या घरांच्या काचा फुटून कारखान्याशी संबंध नसलेले लोकही जखमी झाले. रासायनिक अपघातांसाठीचे १९९६ चे नियम स्थानिक आपत्ती गट स्थापन करायला आणि दर सहा महिन्यांनी पूर्ण स्वरूपाची मॉक ड्रिल घ्यायला सांगतात. आपल्या वसाहतीत असा गट आहे का, त्याची शेवटची बैठक कधी झाली, हे प्रांत कार्यालयात विचारा. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांनी परस्पर मदतीचा गट, म्हणजे मार्ग, चालवला आहे. एकाकडे फोम असतो, दुसऱ्याकडे श्वसनयंत्र, तिसऱ्याकडे रुग्णवाहिका, आणि सायरन झाला की सगळे निघतात.

रस्तागटाने स्वतःपुरत्या तीन गोष्टी आत्ताच कराव्यात. कोणत्या कारखान्यात काय साठवले आहे याची एक यादी अग्निशमन केंद्राला द्यावी. बंब वळेल एवढा रस्ता रात्रीही मोकळा राहील अशी ट्रकची पार्किंग ठरवावी. आणि सूचनांचे फलक मराठीसोबत हिंदीतही लावावेत, कारण रात्रपाळीतला मोठा वर्ग उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचा असतो आणि धोक्याच्या क्षणी त्याला वाचता आले पाहिजे.

गाव आणि वसाहत

वाळूजच्या कारखान्यांतले कामगार रांजणगाव शेणपुंजीत आणि जोगेश्वरीत राहतात, अंबडचे चुंचाळ्यात, चाकणचे खराबवाडीत आणि म्हाळुंग्यात. याच गावांच्या जमिनी वसाहतींसाठी गेल्या. आज त्या गावांच्या अरुंद गल्ल्यांत चाळी उभ्या आहेत, नळाला पाणी पुरत नाही आणि कचरागाडी येत नाही. वसाहतीचा विकास कंपाउंडपाशी थांबवला तर तो अर्धा राहतो. दर तीन महिन्यांनी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसोबत बैठक घ्या. जड वाहने शाळेच्या वेळेत गावातून जाऊ नयेत, एवढा एक निर्णय जरी अमलात आला तरी गावाशी नाते बदलते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा केला, तेव्हा कामगारांची वस्तीही त्यासोबतच उभी केली, आणि ती किर्लोस्करवाडी म्हणून आजही नांदते आहे.

झाडांबद्दल थोडक्यात. जूनमध्ये फोटोसाठी पाचशे रोपे लावू नका. तीस लावा, प्रत्येक रोप एकेका कारखान्याच्या नावावर द्या आणि तीन उन्हाळे टँकरने पाणी घाला. कडुलिंब, करंज, ताम्हण, बहावा, कांचन ही आपल्या हवेतली झाडे आहेत आणि धूळ सहन करतात. विजेच्या तारांखाली मोठे झाड लावू नका, म्हणजे महावितरणची करवत चालणार नाही. गुलमोहर लवकर फुलतो, पण वादळात त्याच्या फांद्या ट्रकवर पडतात.

कार्यालयांशी कसे बोलावे

महामंडळाच्या कार्यकारी अभियंत्याला किंवा पालिकेच्या प्रभाग कार्यालयात भेटायला जाताना वीस मागण्यांचे निवेदन नेऊ नका. दोन मागण्या न्या, नकाशा न्या, तारखांची नोंद न्या, आणि आम्ही स्वतः काय केले हेही सांगा. ‘गटार आम्ही साफ केले, मोऱ्या रुंद केल्या, आता रस्त्याचा थर तुम्ही टाका’ असे म्हणणाऱ्याला नाही म्हणणे अवघड असते. दाद लागली नाही तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा उद्योग मित्र समितीत विषय लावा. तिथे इतिवृत्त लिहिले जाते आणि पुढच्या बैठकीत त्याचे उत्तर द्यावे लागते. ज्या सेवांना लोकसेवा हक्क कायदा २०१५ लागू आहे, त्यांची मुदत पाहून अपील करा. आणि काम चांगले झाले की आभाराचे पत्र जरूर पाठवा. चांगल्या अभियंत्याला असे पत्र क्वचितच मिळते.

असोसिएशनची वार्षिक सभा आता जवळ आली असेल. त्या सभेत निवडणुकीवर दोन तास आणि देखभालीवर दोन मिनिटे, असे होऊ देऊ नका. आपल्या रस्त्यावरच्या पाच शेजाऱ्यांना आधी भेटा, देखभाल फंडाचा एक पानी ठराव त्यांच्या सह्यांनिशी तयार करा आणि सभेत मांडा. ठराव मंजूर होण्याची वाट न पाहता पहिल्या महिन्याची वर्गणी त्या पाच जणांकडूनच गोळा करा.